कामाची की लांबची

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. आतून निघालं ते असं: सायकलींची रंगीत माहितीपत्रकं दोन, बिनबोटांचे हातमोजे एक जोड, पितळी घंटी एक, आणि तुझी चार ओळींची चिठ्ठी. तू लावलेली तिकिटं अठ्ठेचाळीसची. ती कमी पडली म्हणून पोस्टमनने दारात माझ्याकडून बारा घेतले. एकूण साठ. पुढच्या वेळी आधी तोलून घेत जा. हातमोज्यांना बोटंच नाहीत हे बघून मला वाटलं माल खराब निघाला. हे म्हणाले, ते तसेच असतात. अर्ध्या मोज्याची पूर्ण किंमत घेणारा दुकानदार माझ्याच पाठचा निघावा, काय म्हणावं!

फोन न करता लिहिते आहे, कारण फोन यांच्या खुर्चीशी आहे आणि लिहायचंय ते यांच्याबद्दलच.

मार्चअखेर हे निवृत्त होतात. तेहतीस वर्षं पाणीखात्याच्या सायकलवरून घरोघरची मीटरं वाचली, ती सायकल आता खात्याला परत करायची. एक तारखेपासून हे पायी. तेव्हा नवी घ्यायची हे ठरलं. कुठली, यावर रोज खल चालू आहे. माझं म्हणणं कामाची घ्यावी. सरळ हँडल, जाड टायर, मागे कॅरियर, मडगार्ड, स्टँड. बाजारच्या दोन पिशव्या आणि माझं शिवायचं कापड तिच्यावरून येईल. यांना हवी लांबची. बाराव्या पानावरची ती निळी, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल असलेली. तिला साधा स्टँडसुद्धा नाही. मी विचारलं, मग उभी कशी करायची? म्हणाले, भिंतीला टेकवायची. म्हटलं, एवढे पैसे घेऊन वर दुसऱ्याच्या आधारानेच उभी राहणार असेल, तर ती सायकल कसली, पाहुणीच झाली.

कारण तुला ठाऊक आहे. आमच्या लग्नात तू अकरा वर्षांचा होतास. यांनी तुला दांडीवर बसवून चक्कर मारली आणि कबूल केलं की एक दिवस सायकलवरून तुझ्या घरी येईन. त्याला एकतीस वर्षं झाली. अंतर दोनशे चौदा किलोमीटर, आणि सलग तीन दिवसांची रजा यांनी कधी घेतलीच नाही. आता म्हणतात, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी निघणार, मुक्काम करत सोमवारी संध्याकाळी तुझ्या दुकानाच्या पायरीशी. अठ्ठावन्नाव्या वर्षी! देव सुबुद्धी देवो, यांना नाहीतर मला.

तू पायाचं एकच माप मागितलंस: भिंतीला पाठ, दोन पायांमध्ये पुस्तक. माझ्याकडे पुस्तकं म्हणजे पोथ्या, त्या काही मी तिथे धरू देणार नाही. जुनी हिशोबाची वही घेतली. पण मी शिवणारी बाई, एका मापावर कधी साधी उशी शिवली नाही. म्हणून सगळीच घेतली, डावी-उजवी वेगवेगळी. कागद सोबत आहे. तुला नको असतील ती सोडून दे.

तुझ्या सौ.ला आशीर्वाद. आमच्यावरची माया आहे तेवढीच ठेव, कमी नको.

तुझी
ताई

&nbsp;

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बारा जास्त द्यावे लागले त्याबद्दल कान धरले आहेत.

मापांचा कागद दुकानात लावलाय. माझा मिस्त्री म्हणाला, सायकलसाठी गळ्याचं माप देणारं गिऱ्हाईक आयुष्यात पहिलंच. पण आतला पाय साडेएकतीस कसा आला? मागे दाजी इथे आले होते तेव्हा मी स्वतः मोजला होता, साडेतीस. एक इंच शिवणीत धरलास ना? ताई, पाय दुमडून शिवायचा नाहीये.

आता कामाची की लांबची ते सांगतो. दुकानदार म्हणून नाही, भाऊ म्हणून. कामाची म्हणजे सगळ्यात थोडं थोडं. बाजार, खड्डे, पायवाट, काहीही दे, कुरकुरणार नाही. पण तिच्यावर दोनशे चौदा म्हणजे पोत्यासकट धावणं. लांबची हलकी, आणि तुला वाटते तशी शर्यतीची नाही. हँडल उंच, बैठक सरळ, टायर थोडं जाड, म्हणजे सहा तास बसलं तरी कंबर शिव्या देत नाही. रोज दहा किलोमीटर आणि भाजी, तर कामाची. माझ्या पायरीपर्यंत, तर लांबची. मी दाजींच्या बाजूचा आहे हे उघड आहे. तुझं मत एक, आमची दोन.

एक बारीकशी गोष्ट. पोटऱ्यांच्या मापात उजवी चौदा आणि डावी पावणेतेरा लिहिलंयस. एका पायाला शिवण धरलीस आणि दुसऱ्याला विसरलीस असं दिसतं. सवड झाली की पुन्हा मोज, घाई नाही.

दाजींना नमस्कार. धाकट्यावर रागावशील तेवढी रागाव, पण विसरू नकोस.

तुझा
धाकटा

&nbsp;

दि. ६ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

आतल्या पायात एक इंच धरला होता, कबूल. हात सवयीने लिहून गेला. पण दुमडायचा इंच लांबीत धरतात, घेरात नाही, हे तुला कोण सांगणार? पोटरीची मापं बरोबरच होती. तरी तुझ्या समाधानासाठी काल यांना स्टुलावर उभं करून पुन्हा घेतली. उजवी चौदा, डावी साडेबारा. पट्टी तीच, मीही तीच. मांडीतही पाऊण इंचाचा फरक आहे.

यांना विचारलं तर म्हणाले, तेहतीस वर्षं उजव्या पायाने लोखंडी झाकणं ढकलली, तो पाय खात्याने पोसलाय. पटण्यासारखं आहे. मीटरच्या खड्ड्यावरची झाकणं काही हलकी नसतात. पण मग हा फरक मी पूर्वी कधी पाहिला कसा नाही? पँटी मीच शिवते.

आणि ती चप्पल. डाव्या पायातली हल्ली चालता चालता मागेच राहते, हे पुढे जातात. पट्टा सैल असेल म्हणून दुकानातून घट्ट करून आणला, मग नवी घेतली, पुन्हा तेच. मी हसून म्हटलं की चप्पल तुमच्या आधी निवृत्त झाली. हे हसले नाहीत. यांच्यावर माझ्या विनोदाला हसायचं कर्ज एकतीस वर्षांचं आहे, पण एरवी निदान मिशीतल्या मिशीत हसतात.

सायकलचं माझं मत बदललेलं नाही. दोनशे चौदा किलोमीटर दोन दिवसांचे. त्यानंतर पुढची वीस वर्षं बाजारालाच जायचंय ना? वीस वर्षं टिकेल अशी दाखव. देवापुढे दिवा लावताना मी रोज तेच म्हणते, वीस वर्षं दे, बाकी आम्ही बघून घेऊ.

इकडची काळजी करू नकोस, आणि करणार असलास तर मला कळवून कर.

तुझी
ताई

&nbsp;

दि. ४ एप्रिल

प्रिय मेहुणे,
स. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता लिहितो आहे. तिच्या डब्यातलं एक तिकीट चोरलंय. तेहतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत न केलेलं काम निवृत्तीच्या चौथ्या दिवशी केलं.

सायकल एकतीस तारखेला खात्याला परत दिली. निरोपाचा चहा झाला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते बिचारं चालत नाही. तुझी ताई सेल बदलून बघते आहे. पण सांगायचं ते वेगळंच. परत देण्याआधी तिच्यावरून मी तीनदा पडलो. तिन्ही वेळा थांबताना. डावा पाय खाली टेकवायचा म्हणून सांगतो, तो ऐकतो, पण उशिरा. तेवढ्यात मी रस्त्यावर. कामचुकार कारकून जसा प्रत्येक कागद उद्यावर टाकतो, तसं झालंय त्या पायाचं. वर्षभर होतंय. खड्ड्यात उतरायची घरं मी आधीच सोबतच्या माणसाला देत होतो.

पाय बारीक झालाय हे मला माहीत होतं. म्हणूनच मी हिला मापं घेऊ देत नव्हतो. तू माप मागितलंस आणि तिने पट्टी काढली. तुझा दोष नाही, तुला एकच हवं होतं.

मला निळी हवी, लांबची, जितकी हलकी मिळेल तितकी. कामाची घेतली तर ती अंगणात उभी राहील आणि मी तिच्याकडे बघत बसेन. ऑक्टोबरपर्यंत थांबवेल का, ते सांगता येत नाही. हिला यातलं काही कळवू नकोस. तिचं वीस वर्षांचं चालू आहे, ते चालू दे.

दांडीवर बसणारा तू आता दोन पोरांचा बाप झालास, तरी लोभ दांडीवरचाच ठेव.

तुझा
दाजी

&nbsp;

दि. १२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र महिनाभर तसंच पडून राहिलं, दुकानात माल आला होता. रागावू नकोस.

सायकलचं बघतो आहे. पण त्याआधी एक काम कर. हल्ली लांबची सायकल बांधायची तर दोन्ही पायांची ताकद किती ते डॉक्टरकडून लिहून आणावं लागतं. कंपनीचा नियमच आहे तसा. साधा डॉक्टर चालत नाही, नसांचा लागतो. तुमच्या मोठ्या दवाखान्यात असेल. दाजींना सांग की कागदाशिवाय मेहुणा सायकल देत नाही. कुरकुर करतील, पण जातील. तू बरोबर जा. पोटरीची मापंही लिहून ने, दोन्ही तारखांची.

उशीर करू नकोस. म्हणजे, सायकलला उशीर होईल म्हणून.

वीस वर्षं टिकणाऱ्या कामाच्याही दोन बाजूला काढून ठेवल्या आहेत.

इथे सगळे ठीक. पत्र पाठवत जा, चार ओळींचं का असेना.

तुझा
धाकटा

&nbsp;

दि. २७ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

असा नियम कुठल्याही कंपनीचा नसतो, हे तुझं पत्र वाचतानाच कळलं होतं. लहानपणीही तुला खोटं बोलायचं झालं की त्यात एखादा नियम यायचा. आणि माझ्या डब्यातलं एक तिकीट कमी होतं. दर रविवारी मी ती मोजते. हे मला न सांगता या जगात एकालाच लिहितील. काय लिहिलं ते विचारत नाही. तू सांगितलं नाहीस, बरं केलंस. सांगितलं असतंस तर मी हातपाय गाळून बसले असते आणि दवाखान्यात गेले नसते.

पाच वेळा गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आपल्या भाचीच्या वयाच्या. गुडघ्यावर हातोडी मारली, टाचेवर मारली. मग एका खोलीत यांच्या पायात, हातात, जिभेतसुद्धा तारेच्या सुया घातल्या. शेजारच्या यंत्रातून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येत होता. मी विचारलं, हा आवाज चांगला की वाईट? बाई म्हणाल्या, आधी सगळ्या सुया होऊ देत.

मग दोघांना समोर बसवून सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा असतात. त्या एकेक करून मरतायत. पायापासून सुरुवात झाली, डाव्या हाताला लागलीच आहे, पुढे सगळीकडे जाईल. थांबवणारं औषध नाही. एक गोळी आहे, ती थोडा वेग कमी करते. मी विचारलं, किती वर्षं. बाई हातातल्या पेनाकडे बघत म्हणाल्या, प्रत्येकाचं वेगळं असतं. मी पुन्हा विचारलं, साधारण? तेव्हा म्हणाल्या, दोन, तीन, कधी जास्त. मी पिशवीतून वही काढली होती लिहून घ्यायला. पेनाचं टोपण काढलं, मग परत लावलं.

यांनी एकच विचारलं. सायकलवरून दोनशे चौदा किलोमीटर जाता येईल का? मला वाटलं बाई हसतील, नाहीतर रागावतील. त्यांनी विचारलं, कधी जायचंय? हे म्हणाले, ऑक्टोबर. बाई म्हणाल्या, आधी जमलं तर आधी जा.

बाहेर आलो तर हे पायरीवर बसले आणि म्हणाले, बघ, बाई माझ्या बाजूच्या निघाल्या. तुझं मत एक, आमची आता तीन.

धाकट्या, मला काही सुचत नाही. मी दिवा लावते आणि उभी राहते. वीस वर्षं मागायची जीभ होत नाही. दुसरं काय मागायचं ते ठरत नाही, मग नुसतीच उभी राहते, आणि वात जळते. शेजारणी येतात, विचारतात साहेब निवृत्तीत खूश ना, मी हो म्हणते. शिवायला घेतलेला झगा तीन आठवडे मशीनवर आहे.

लांबची पाठव. निळी. टिकते किती ते बघू नकोस. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी निघायचं ठरवलंय. डाव्या हाताने यांना बरणीचं झाकण फिरवता येत नाही. तशा माणसाला चालवता येईल अशी करता येते का, ते तू बघ. त्यातलं मला काही कळत नाही, आणि ज्यातलं कळतं त्याचा उपयोग नाही.

सगळ्यांना आशीर्वाद. तुझ्यावर टाकते आहे, दुसरं कोणी नाही.

तुझी
ताई

&nbsp;

दि. १४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि शटर खाली ओढलं. गिऱ्हाईक बाहेर ठोकत राहिलं. नियमाचं खोटं बोललो, त्याची माफी मागत नाही. दुसरं काही करता येत नव्हतं. तसं आताही येत नाही. मला येते ती सायकल, म्हणून तेवढंच करतो आहे.

निळी आली. साडेनऊ किलो, तू एका हाताने उचलशील. डाव्या पॅडलला चामड्याचा पट्टा लावला, म्हणजे पाय निसटणार नाही. सुटायचा झाला तर बोटभर ओढून सुटतो. दाजींना थांबताना उजवा पाय टेकवायची सवय करायला सांग, दारातल्या पायरीवर रोज वीस वेळा. गिअर सगळे उजव्या हाताला आणले. ब्रेक दोन असतात, डावा-उजवा. मी दोन्हींच्या तारा एका मुठीला जोडल्या, उजव्या. एका हाताने ओढलं की दोन्ही चाकं थांबतात. मिस्त्री म्हणाला, असं कोणी करत नाही. म्हटलं, गळ्याचं मापही कोणी देत नाही.

आणि ताई, मागे कॅरियर लावलाय. स्टँडही. लांबचीला स्टँड लावलेला बघून कंपनीवाले मला वेड्यात काढतील. काढू देत. तुझी पाहुणी आता कोणाच्या आधाराने उभी राहणार नाही.

एक ऑगस्टला ट्रकमधून घेऊन येतो. माझी सायकलही आणतो. दोन्ही दिवस मी दाजींच्या मागे असेन, हाताच्या अंतरावर. ट्रक मिस्त्री चालवेल, तू त्याच्या शेजारी, पाणी आणि डबे घेऊन. तू माझ्यावर टाकलंस म्हणूनच करतो असं समजू नकोस, मलाही दांडीवरचं ते फेडायचंय.

एकच सांग. तार कितीही मोकळी केली तरी दोन्ही ब्रेक एका मुठीत म्हणजे बोटांना ओढ लागते. वाटेत दोन उतार आहेत, दुसरा लांबच लांब. उजवा हात धड आहे ना?

सरावाला तशीच एक मूठ आणि पट्ट्याचा तुकडा वेगळा पाठवतो आहे. या वेळी तोलून पाठवतो.

तुझा
धाकटा

&nbsp;

दि. १९ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

पार्सल शनिवारी मिळालं. ब्रेकची मूठ एक, चामड्याचा पट्टा एक, आणि सुट्टे स्क्रू सहा. तिकिटं पासष्टची, आणि बरोबर. दारात काही द्यावं लागलं नाही.

इकडे तयारी झाली आहे. यांनी रस्त्याचा नकाशा काढलाय आणि त्यावर गावं कमी, नळ जास्त. कुठल्या वळणावर सार्वजनिक नळ आहे आणि कुठल्याला दाब चांगला, हे खात्यातल्या जुन्या सोबत्यांकडून फोनवर विचारून घेतलं. पायरीवर उजवा पाय रोज वीस वेळा टेकवतात, मी मोजते. एकोणीस झाले की हे वीस म्हणतात, मी एकोणीसच म्हणते. कॅरियरवरची पिशवी मी शिवली, निळीच, तुझ्या सायकलच्या रंगावर. तिला मात्र शिवण भरपूर धरली आहे.

दिव्यापुढे आता नुसती उभी राहत नाही. दोन दिवस मागते. रविवार आणि सोमवार. एवढं लहान मागणं मी देवाकडे कधी मागितलं नव्हतं, त्यामुळे ऐकू जातं की नाही कळत नाही.

तू उजव्या हाताचं विचारलंस. यांना विचारलं तर म्हणाले, ठणठणीत. म्हणून मी रद्दी तोलायचा हुकाचा काटा काढला. त्याचं वरचं कडं खिडकीच्या गजाला बांधलं आणि यांना खालचा हुक ब्रेक ओढतात तसा ओढायला लावला. हे म्हणाले, मला रद्दीत घालते आहेस, भाव तरी नीट लाव. तुझं पत्र आलं त्या आठवड्यात उजव्या हाताने सात किलो ओढलं. मला हायसं वाटलं, म्हणून तुला लगेच कळवलं नाही. एक जुलैला साडेपाच. आज सकाळी तीनदा ओढायला लावलं. पहिल्यांदा साडेचार, मग चार, मग पुन्हा चार. तिसऱ्यांदा हे काट्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. तुझी मूठ बांधून ओढायला दिली, ती पूर्ण मिटते, पण मिटलेली धरून ठेवता येत नाही.

यांना आकडा सांगितला नाही. विचारलाही नाही त्यांनी. काटा कपाटात ठेवून दिला आणि आम्ही चहा घेतला. यांचा कप आता मीच धरते, हे कसं सुरू झालं ते आठवत नाही.

तुझ्या सौ.ला व मुलांना आशीर्वाद. येताना सावकाश ये.

तुझी
ताई

ता. क. निघायला पंधरा दिवस आहेत. तोपर्यंत तीनवर येईल असं धरून चाल. त्या दुसऱ्या उतारावर, तीन किलोत, सायकल थांबते का? तुझ्या दुकानात काटा असेल, तुझ्या बोटांनी तीनच किलो ओढून, सायकलवर यांच्या वजनाचं माणूस बसवून बघ. यांचं वजन आता एकोणसाठ. आणि काय होतं ते खरं खरं, मलाच, उलट टपाली कळव.